वहिनीचे दोन चमचे

मंगळवारी सकाळी साडेदहाला वहिनी गेली. मी तिच्या शेजारीच उभा होतो, मिक्सरचं झाकण दाबून. आमच्या मिक्सरची कडी तुटलेली आहे, झाकण दाबून नाही धरलं तर सगळं छतावर जातं. म्हणून तिला कायम एक माणूस लागायचा, आणि घरात मोकळा माणूस म्हणजे मीच.

आदल्या रविवारी आम्ही तिघं एका नव्या हॉटेलात जाऊन आलो होतो. तिघं म्हणजे वहिनी, दादा आणि मी. दादा माझा थोरला भाऊ. त्याला तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं गेलं. त्या हॉटेलात भाजलेल्या ढोबळी मिरचीचं आणि बटाट्याचं काहीतरी होतं, लालसर, धुराच्या वासाचं. दादाने ते वाटून घेतलेलं बशीभर खाल्लं. वहिनीने नेहमीसारखा एक चमचाभर नमुना औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणला, आणि सोमवारपासून तिचं सुरू झालं. तसंच्या तसं घरी जमलं पाहिजे.

मंगळवारी सकाळी सातपासून ती गॅसवर मिरच्या जाळत होती. घरभर धूर. मी म्हटलं, वहिनी, शेजारचे आग विझवणारी गाडी बोलावतील. ती म्हणाली, "बोलवू देत, त्यांनाही चाखायला देऊ." मग थोड्या वेळाने म्हणाली, छातीत जळजळतंय.

मी म्हटलं, "चार वेळा मिरची चाखलीस, जळजळणारच."

"ढोबळी मिरची कुठं तिखट असते भाऊजी? अक्कल पान्यांच्या पेटीत ठेवून आलात का?"

मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. तर पान्यांच्या पेटीवरून ती मला रोज काहीतरी बोलायची. मी हसलो. तीही हसली. आता मला रोज वाटतं, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. ती स्वतः सांगत होती की मिरची तिखट नाही, मग जळजळ कसली? पण ती बोलली आणि आम्ही दोघं पुढच्या कामाला लागलो.

"दाबा," ती म्हणाली. मी दाबलं, तिने बटण सुरू केलं, मी आपला झाकणाकडे बघत होतो. मग म्हणाली, "मी जरा टेकते." बटण मीच बंद केलं. म्हटलं, बघ गं झालंय का. ती स्टुलावर बसली होती, डोकं फ्रिजला लावून. डोळे अर्धे उघडे. दादा चाकाच्या खुर्चीत दारात होता आणि तो तिच्याकडे बघत होता, माझ्या आधीपासून.

दवाखान्याची गाडी पंधरा मिनिटांत आली. डॉक्टर म्हणाले, लगेच गेल्यात, त्रास झाला नाही. डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगत असतील.

मी खोटं बोलत नाही. तिला नेताना माझ्या मनात रडण्याच्या आधी एकच आलं. आता दादा जेवणार कसा.

हे का आलं ते कळायला मागचं सांगावं लागेल.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमची आई आधीच गेलेली. मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायचो, आणि ती मला, अकरा वर्षांच्या पोराला, अहो भाऊजी म्हणायची. "अहो भाऊजी, नाक पुसा." असं. ते तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

तिला स्वयंपाक येत नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आता जो येतो तो म्हणतो काय हाताला चव होती. नव्हती हो. तिला आवड होती, चव नंतर आली, वीसेक वर्षांनी. आवड म्हणजे नवीन पदार्थाची. काल केलेलं आज करायला तिला कंटाळा. पेपरात आलेली कृती, पिठाच्या पुडक्यावर मागं छापलेली कृती, दवाखान्यात बसल्या बसल्या मासिकातून फाडून आणलेली कृती, सगळं एका चपलांच्या खोक्यात. आणि त्यातलं एक दर रविवारी आमच्या ताटात. एकदा तिने पाव भाजला, तो इतका कडक झाला की पुढं दोन महिने आम्ही त्याने गॅलरीचं दार अडवून ठेवत होतो. एकदा केक असा फुगला की ओव्हनचं दार उघडेना, मला पाना घेऊन बिजागरी काढावी लागली.

दादा बसचा कंडक्टर. मोठा आवाज, दिवसभर स्टॉपची नावं ओरडायची सवय. ताटात काही भयंकर आलं की तो एक घास खायचा, ताट पुढं सरकवायचा आणि ओरडायचा, "पुढचा स्टॉप." की वहिनी उठून अंडी फोडायची. भांडण नाही, रडणं नाही. पुतणी लहान होती, ती पण शिकली, पुढचा स्टॉप.

वहिनी रंगाच्या दुकानात कामाला होती. भिंतींचे रंग. सव्वीस वर्षं. तिचं काम शेड जुळवायचं. गिऱ्हाईक घरच्या भिंतीचा एक टवका घेऊन येणार, आम्हाला हाच रंग पाहिजे म्हणणार, आणि वहिनी पांढऱ्यात थेंब थेंब टाकत जाणार. एक थेंब पिवळा, ढवळ, काठी वर, उजेडात बघ. अर्धा थेंब काळा, ढवळ, बघ. मशीन आल्यावरही मालक अवघड शेड तिच्याकडेच द्यायचा. आणि रंग घट्ट किती, पातळ किती, ते ती काठीवरून ओळखायची. काठी तिरकी केली की रंग कसा सुटतो, धार धरतो की गोळ्याने पडतो.

ते डोकं तिने हॉटेलात वापरायला सुरुवात केली. दादाचा पगार झाला की आम्ही बाहेर जेवायला जायचो, महिन्यातून एकदा. दादा पोट भरायला जायचा, वहिनी नमुना आणायला. पर्समध्ये औषधाची बाटली. वेटरचं लक्ष नाही बघून एक चमचा आत. मग घरी थेंब थेंब. "अजून आंबट. नाही, लिंबाचं आंबट नाही, दह्याचं." पुतणीला शरम वाटायची, ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायची. एकदा वेटरने पकडलं. म्हणाला, बाई, हे काय? वहिनी म्हणाली, "आजारी सासऱ्यांना नेतेय." सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती.

असं चाललं होतं. पुतणीचं लग्न झालं, ती लांब गेली. आणि मग दादाला झटका आला.

दोन महिने नाकात नळी. नळीतून पांढरं पाणी पोटात. मग गिळणं शिकवणारी बाई यायला लागली. आम्ही तिला गिळणंवाली बाई म्हणायचो, तोंडावर मॅडम. तिने सांगितलं, पाणी, चहा, काही पातळ द्यायचं नाही, ते श्वासाच्या नळीत जातं. कडक काही द्यायचं नाही, अडकतं. सगळं वाटून, मऊ, एकसारखं. आणि चमचा तिरका करून बघायचा. चमच्यावर आकार धरून राहिलं पाहिजे आणि तिरका केला की एका गोळ्याने सुटलं पाहिजे. चिकटलं तर नको, धार लागली तर नको.

वहिनीने एकदा चमचा धरला, तिरका केला, म्हणाली, "हा तर दुसरा हात मारायच्या आधीचा ऑइल पेंट." बाई तिच्याकडे बघतच राहिली. बाकी घरांत हे शिकायला महिना जातो म्हणे.

नळी निघाली. पण दादा खाईना. दोन-तीन चमचे झाले की तोंड मिटायचा. त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, नको. त्या नको चे दहा प्रकार होते, पण जेवणाचा नको एकच, भिंतीकडे तोंड करून. आणि टेबलावर बोट आपटायचा, बसच्या घंटीसारखं. एक टक म्हणजे थांब, दोन टक म्हणजे चालू दे. दोन टक कधी यायचेच नाहीत.

वहिनीने काय काय नाही केलं. भोपळा, बीट, मासा, कोंबडी, सगळं वाटून, गाळून, घट्ट करून. चवी एक नंबर. मी स्वतः चाखायचो. दादा तीन चमचे, टक. वजन उतरत चाललं. बाई म्हणाली, असंच राहिलं तर परत नळी, आणि या वेळी कायमची, पोटातून.

वहिनी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "यांना हॉटेलात न्यायचं."

मी म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय का? घरात तीन चमचे खात नाही, हॉटेलात खाईल?"

"घरात ते पेशंट आहेत."

"मग हॉटेलात काय आहेत?"

"गिऱ्हाईक."

कोपऱ्यावर एक हॉटेल आहे, आठ टेबलांचं. तिथला आचारी डोक्यावर कायम लोकरी टोपी घालतो, भट्टीसमोर सुद्धा, म्हणून सगळे त्याला टोपी म्हणतात. वहिनी दुपारी चारला गेली, तेव्हा हॉटेल रिकामं असतं. मी सोबत. तिने सांगितलं, अमुक पदार्थ करा, आणि मग मिक्सरमधून काढून द्या.

टोपीने भांडं खाली ठेवलं. "माझ्या हातचं जेवण मिक्सरमध्ये?"

"हो."

"बाई, मी ते तासभर मंद आचेवर ठेवतो. तुकडा अख्खा राहावा म्हणून. आणि तुम्ही म्हणता वाटा."

"तुकडा गळ्यात अडकतो."

"मग घरी न्या, घरी वाटा."

"घरी मीही वाटते. तुम्ही वाटा."

"नाही जमणार."

"बरं," वहिनी म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी चारला ती दादाला खुर्चीत बसवून, मिक्सर पिशवीत घालून हजर. टेबलाशेजारी विजेचा प्लग होता, तिथं मिक्सर लावला. वाटाण्याचं सूप मागवलं आणि सुरू केलं. तो आवाज. मी झाकण दाबून उभा, दोन गिऱ्हाइकं चहा घेत होती ती वळून बघायला लागली. दादा लाल झाला, नको नको नको. वहिनी म्हणाली, "लोक बघतायत ते मिक्सरकडे, तुमच्याकडे नाही. खा."

टोपी आतून आला. "बाई, आत आणा ते. गिऱ्हाईक पळवाल माझं."

आणि दादाने खाल्लं. आठ चमचे. टक टक, टक टक. मी मोजत होतो. वहिनी एक घास त्याला, मध्येच त्याच चमच्याने थोडं स्वतः चाखायची, मीठ बघायची, परत त्याला. तिची सवयच होती ती. शेवटी शेवटी दादा एकदा खोकला, अगदी बारीक. आम्ही पाठ चोळली. घरी आलो आनंदात.

संध्याकाळी ताप आला. छातीत गेलं होतं. आठ दिवस दवाखाना, आणि नाकात परत नळी.

कुणालाच कळेना काय चुकलं. सूप तर घट्ट होतं, वहिनीने तिरका चमचा बघितला होता, मी बघितला होता. गिळणंवाल्या बाईने विचारलं, घट्ट कशाने केलं? मक्याच्या पिठाने. चाखलं कशाने? त्याच चमच्याने. आणि तोच चमचा वाटीत? हो, तोच.

बाई म्हणाली, थुंकीने पीठ सुटतं. तोंडातला चमचा वाटीत गेला की दहा मिनिटांत घट्टचं पातळ होतं. पहिला घास बरोबर असतो आणि आठवा पाण्यासारखा. वाटीतून घ्यायचा चमचा वेगळा आणि तोंडात घालायचा वेगळा. ही गोष्ट मी सांगायला पाहिजे होती, ती म्हणाली, बहुतेक लोक पेशंटबरोबर चाखत बसत नाहीत.

वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसली होती. मग म्हणाली, "दुकानात नवीन पोरी यायच्या ना भाऊजी, त्यांना मी पहिल्या दिवशी सांगायचे. एका डब्यातली काठी दुसऱ्या डब्यात गेली तर हात तोडीन. सव्वीस वर्षं सांगितलं."

मी म्हटलं, "तुला काय ठाऊक होतं?"

"काठीचं ठाऊक होतं."

पुतणी फोनवर ओरडली. मला पलीकडून ऐकू येत होतं. "आई, तू बाबांना हॉटेलात नेऊन जवळजवळ मारलंस."

"हो," वहिनी म्हणाली.

"हो काय हो? आता तरी घरात बसा."

"नळी निघाली की परत नेणार."

पुतणीने फोन ठेवला. दोन आठवडे बोलली नाही. मलाही वाटलं, वहिनी चुकतेय. मी तसं बोललोही. तिने ऐकून घेतलं, मग दुकानात गेली आणि लाल ऑइल पेंटची छोटी डबी घेऊन आली. एका चमच्याच्या दांड्याचं टोक लाल केलं. लाल टोकाचा दादाच्या तोंडात, साधा वाटीत. साध्याने काढायचं, लालवर ठेवायचं, लाल तोंडात. लाल वाटीला लागला की वाटी बाद, भरलेली असली तरी बाद. आणि स्वतः चाखायचं ते वेगळ्या बशीत. मला तिने पहिल्या दिवशी तीन वेळा करायला लावलं, रिकाम्या वाटीने.

पाच आठवडे लागले. बाईने शिकवलेले व्यायाम, जीभ टाळूला, हनुवटी खाली, गिळा, परत गिळा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दादा चिडायचा, चमचा उडवायचा. वहिनी चमचा उचलायची, धुवायची, परत. "चिडा. चिडलात की घसा चांगला हलतो." खरं होतं का कुणास ठाऊक. पण पाच आठवड्यांनी बाईने तपासलं आणि नळी काढली. त्याच आठवड्यात आम्ही टोपीकडे. टोपीला सगळं कळलं होतं. तो म्हणाला, "बाई, माझं नाव खराब करू नका हं." वहिनीने त्याला दोन्ही चमचे दाखवले आणि त्यालाही तीन वेळा करायला लावलं.

त्यानंतर अडीच वर्षं, दर रविवारी. टोपीकडे एक रविवार, नवीन हॉटेल एक रविवार. घरचं पण दादा खायला लागला, कारण घरचं आता आजाऱ्याचं जेवण राहिलं नव्हतं, रविवारच्या हॉटेलाची नक्कल होती. तो तोंडात घेऊन विचार करायचा, आणि एक टक. म्हणजे जुळलं नाही. वहिनी परत ढवळायची. दोन टक आले की खोक्यात कागद. तिचं अक्षर फार बारीक, मला वाचायला वेळ लागायचा.

सगळीकडे सरळ झालं असं नाही. एका हॉटेलात मॅनेजर म्हणाला, बाकीच्यांच्या जेवणावर परिणाम होतो, तुम्ही पार्सल न्या. वहिनी म्हणाली बरं, आणि एक चहा मागवला. तो संपवायला तिने दीड तास लावला. रविवारची गर्दी, दारात लोक उभे, आणि मधल्या टेबलावर आम्ही तिघं, एक चहा. शेवटी मॅनेजरच मिक्सर घेऊन आला. दुसरीकडे उलटं झालं. महागातलं हॉटेल, मी तर चप्पल घालून आत जायला घाबरत होतो. तिथल्या आचाऱ्याने मासा वाटला, गाळला आणि परत माशाच्या आकारात बशीत लावला, डोळ्याच्या जागी वाटाणा. वहिनीने तो वाटाणा काढला, "हा अडकेल," आणि मग कितीतरी वेळ बशीकडे बघत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मी पण तिच्याकडे बघितलं नाही. दादाने शेपटीपासून सुरुवात केली.

दादाचं वजन सात किलो वाढलं. बाई म्हणाली, तुमची केस मी दुसऱ्यांना सांगते.

असं सगळं तिच्या जोरावर चाललं होतं. आणि ती मंगळवारी गेली.

पुतणी रात्रीपर्यंत आली. दादा रडला नाही. आम्ही त्याला सांगायची गरज नव्हती, त्याने बघितलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही, आम्हीही नाही. बुधवारी मी केलं. वहिनीने केलेला वाटलेला बटाटा होता, तो नाही दिला, शिळा झाला होता. ताजा उकडला, वाटला, दोन चमचे बरोबर, तिरका करून बघितला. दादाने तोंड उघडलं नाही. गुरुवारी शेजारच्यांनी डबे दिले, ते वाटले. तोंड उघडलं नाही. घट्ट केलेलं पाणी तेवढं घ्यायचा, औषधापुरतं, आणि भिंतीकडे तोंड.

गिळणंवाली बाई आली. बसली त्याच्याजवळ, हात धरला, बोलली. बाहेर येऊन मला म्हणाली, "पाणी घेतायत तोवर शनिवारपर्यंत थांबू. शनिवारी मी नळी घेऊन येते. या वेळी निघेल असं मी सांगू शकत नाही."

पुतणीने फ्रिज उघडला तर त्यात ती बाटली. रविवारचा नमुना, लाल. ती म्हणाली, "काका, आईने शेवटचं हेच करायला घेतलं होतं. हे जुळवू या. बाबा हे खातील." मला पण वाटलं, हे बरोबर आहे. आम्ही दोघांनी शुक्रवारची सकाळ त्यात घालवली. मिरच्या जाळल्या, सोलल्या, बटाटा, बाटलीतलं हुंगायचं, आपलं हुंगायचं. पुतणी रडत रडत ढवळत होती. मी म्हटलं, वाटीवरून तोंड बाजूला घे. ती हसली जरा. जमलं बऱ्यापैकी. मी साध्या चमच्याने काढून लालवर ठेवला आणि दादापुढं नेला.

वास आला आणि त्याने डोळे मिटले. मग डावा हात असा फिरवला की वाटी भिंतीवर गेली. "नको." मी त्याचा इतका मोठा आवाज तीन वर्षांत ऐकला नव्हता.

भिंत पुसायला मला अर्धा तास लागला. पुतणी दुसऱ्या खोलीत. पुसता पुसता मला कळलं ते एवढंच, की ती गेली त्या दिवशीचा वास आम्ही त्याच्या नाकाशी नेला होता. आपण हे त्याच्यासाठी करत नव्हतो, तिच्यासाठी करत होतो. बाटली मी मोरीत रिकामी केली आणि फेकून दिली. पुतणीला विचारलं नाही.

मग तिला म्हटलं, "मी त्याला घेऊन टोपीकडे जातो."

"काका, आज? लोक काय म्हणतील, अजून चार दिवस नाही झाले."

"लोकांना म्हणू दे. उद्या नळी आहे."

चार वाजले होते. दादाने शर्ट घालू दिला नाही, मग मी त्याच्या अंगावर तसाच कोट घातला, बनियनवर. दोन्ही चमचे खिशात. रस्त्यात तो एक टक, एक टक, खुर्चीच्या हातावर. थांब, थांब. मी थांबलो नाही. मी म्हटलं, "दादा, मी वहिनी नाही. मला तुला समजावता येत नाही. मला फक्त ढकलता येतं." त्याने बोट मिटून घेतलं.

टोपी बाहेर आला, टोपी हातात घेऊन. मी त्याचं टक्कल पहिल्यांदा बघितलं. त्याने टेबल पुसलं, मिक्सर आत लावून ठेवतो म्हणाला, आणि विचारलं, "नेहमीचं?"

मी हो म्हणणार होतो. पण दादाने डावा हात पुढं केला, मेनूकार्ड ओढलं. टेबलावर उघडं केलं. त्याला अक्षरं नीट लागत नाहीत आता, तो बोटाने खाली खाली जात होता. वाटाण्याच्या सूपवरून गेलं, बटाट्यावरून गेलं, आमच्या सगळ्या पदार्थांवरून गेलं. अगदी खाली हाताने लिहिलेली एक ओळ होती, निळ्या पेनने, नवीन. तिथं बोट ठेवलं. आणि टोपीकडे बघितलं.

"ते कालच लावलंय," टोपी म्हणाला. "पांढरा कांदा तासभर परतून, त्यात दूध, जायफळ. अजून बरोबर जमलं नाहीये. कुणी खाल्लेलं नाही."

दोन टक.

मी म्हटलं, "कांद्याचे धागे राहतील. गाळावं लागेल."

"दोनदा गाळतो," टोपी म्हणाला आणि आत गेला.

पाऊण तास लागला. पहिलं आलं ते पातळ, मी तिरका चमचा करून परत पाठवलं. दुसरं चिकट, तेही परत. टोपीने तोंड वाकडं केलं नाही. तिसरं बरोबर सुटलं, एका गोळ्याने. मी साध्याने काढलं, लालवर ठेवलं. दादाने हनुवटी खाली घेतली, तोंड उघडलं, घेतलं. गिळलं. परत गिळलं, बाईने शिकवलं होतं तसं. मी त्याच्या गळ्याकडे बघत होतो. खोकला नाही.

मग त्याने तोंड वेडंवाकडं केलं. जायफळ जास्त झालं होतं, टोपीला मी नंतर सांगितलं. पण दोन टक आले. दुसरा चमचा, तिसरा. मध्ये एकदा थांबला, खिडकीकडे बघत राहिला, डोळ्यांतून पाणी आलं, मी पुसायला गेलो तर नको, साधा नको, बाजूला हो वाला. मी बाजूला झालो. स्वतःच कोटाच्या बाहीने पुसलं. परत दोन टक.

नऊ चमचे झाले तेव्हा तो दमला. मान मागं टेकवून डोळे मिटले. बशीत अजून चारेक चमचे होते. मी पुतणीला फोन करायला उठलो, तेवढ्यात वेटर आला, झालं समजून बशी उचलायला वाकला. दादाने डोळे न उघडताच डावा हात बशीवर ठेवला, पंजा पसरून, कडेला घट्ट धरून.

वेटरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू द्या, ते जेवतायत अजून.